सदुसष्ट मिनिटं

वडवणीत पहाटे चारला कोंबड्याच्या आधी मोबाइल आरवतात. भाड्याच्या खोल्यांतून, अकॅडमीच्या पत्र्याच्या हॉलमधून पोरं बाहेर पडतात, बुटांच्या नाड्या आवळतात आणि बीड-परळी रस्त्याच्या कडेने पळायला लागतात. कुणाला पोलीस व्हायचंय, कुणाला सैन्यात जायचंय, कुणाला नुसतं बापाच्या हातातल्या कोयत्यापासून लांब जायचंय. सोळाशे मीटर किती मिनिटांत निघतात, यावर घरचं पुढच्या वीस वर्षांचं गणित मांडलेलं असतं. मी फिरायला निघतो तेव्हा त्यांच्या धापा आधी मागून ऐकू येतात, मग बाजूने, मग पुढे अंधारात विरतात.

एकदा मे महिन्यात सकाळचे आठ वाजून गेले तरी एक बॅच पळतच होती. ऊन चांगलं चढलं होतं. पाण्याच्या हौदाच्या कट्ट्यावर एक पोरगा पाय मुरगळला म्हणून बसला होता आणि स्टॉपवॉच धरून बाकीच्यांच्या वेळा वहीत लिहीत होता. वय असेल एकोणीस. मी सहज विचारलं, ‘‘पळता पळता कुणी पडलं तर काय करता रे?’’

‘‘तोंडावर पाणी मारतो, गुरुजी. कांदा फोडून हुंगवतो. उठतो की.’’

‘‘आणि नाही उठला तर?’’

‘‘सर बघतात.’’

‘सर बघतात’ हे उत्तर मी याआधी वाचलं होतं. इंग्रजीत, एका चौकशी अहवालात, जरा लांबलचक शब्दांत. तो अहवाल अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठाचा होता आणि ज्या पोराबद्दल होता तोही एकोणीस वर्षांचाच होता. जॉर्डन मॅकनेअर त्याचं नाव. त्या दिवशीचा घटनाक्रम मी माझ्या वहीत दोन घड्याळांत उतरवून ठेवला आहे, एक तिकडचं आणि एक इथलं. मे महिन्यात ते आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतात.

मंगळवार, २९ मे २०१८. सकाळ

मेरीलँड विद्यापीठ वॉशिंग्टन शहराजवळ आहे, कॉलेज पार्क नावाच्या गावात. सुमारे चाळीस हजार विद्यार्थी. अमेरिकन फुटबॉलचा संघ म्हणजे तिथे एक वेगळं संस्थानच असतं. त्याचे स्वतःचे प्रशिक्षक, स्वतःचे ताकद वाढवणारे प्रशिक्षक आणि खेळाडूंची दुखापत पाहणारे, शिकलेसवरलेले आरोग्य साहाय्यक. आपल्याकडच्या कुठल्याही विद्यापीठाचं आरोग्य केंद्र डोळ्यांसमोर आणलं तर या थाटाचा अंदाज येणार नाही.

उन्हाळी सुट्टी सुरू झाली होती, आदल्या सोमवारीही तिकडे राष्ट्रीय सुट्टी होती. काही आठवड्यांच्या खंडानंतरचा हा पहिला सामूहिक सराव. शरीराला उष्ण हवेची सवय व्हायला दहा-चौदा दिवस लागतात, हे क्रीडावैद्यकातलं अगदी पहिल्या धड्यातलं वाक्य आहे. पहिला दिवस म्हणूनच जोखमीचा असतो. इथेही पोरं पडतात ती बहुधा भरतीची तारीख जाहीर झाल्यावरच्या पहिल्या आठवड्यात, घाईच्या दिवसांत.

सराव आधी स्टेडियममध्ये ठरला होता, तो ऐनवेळी दुसऱ्या मैदानावर हलवला. पोरं हलली, प्रशिक्षक हलले, शिट्ट्या हलल्या. बर्फाच्या पाण्याचे टब नव्या मैदानावर मांडले गेले नाहीत. या ओळीखाली मी पेन्सिलीने रेघ मारली आहे.

दुपारी ४:१५. वडवणीत रात्रीचे पावणेदोन

सराव सुरू झाला. हवा दमट, तापमान २७ अंश सेल्सिअसच्या आसपास. सत्तावीस! मे महिन्यात आपल्याकडे पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकलेला असतो. सत्तावीसला आपण म्हणू, आज बरं वाटतंय.

जॉर्डन संघात समोरच्याला अंगाने थोपवून धरणाऱ्यांपैकी. उंची सहा फूट चार इंच, वजन जवळजवळ दीडशे किलो. आपल्याकडे जन्मला असता तर गावाने त्याला तालमीत घातलं असतं. त्या दिवशी काम एवढंच होतं की ११० यार्डांच्या, म्हणजे सुमारे शंभर मीटरच्या, दहा फेऱ्या मारायच्या. भारी अंगाच्या गड्यांना प्रत्येक फेरीला १९ सेकंद.

इथे जरा थांबून शरीराचं सांगायला हवं, कारण ‘ऊन लागलं’ या आपल्या शब्दाने मोठी दिशाभूल होते. उन्हात बसलेल्या माणसाला बाहेरून तापवलं जातं. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या पुरस्कार सोहळ्यात चौदा माणसं गेली, ती तास न् तास उघड्यावर बसलेली होती. पळणारा माणूस मात्र आतून तापतो. स्नायू जेवढी ऊर्जा जाळतात तिचा साधारण पाऊण हिस्सा नुसत्या उष्णतेत जातो. ती बाहेर काढायला एकच मोठा मार्ग असतो, तो म्हणजे घाम. तोही नुसता येऊन भागत नाही, वाळावा लागतो. माठ का गार होतो हे आपल्याला ठाऊक आहे. तोच माठ कोकणात पावसाळ्यात ठेवा, पाणी कोमटच राहील. दमट हवेत पळणारा भारी अंगाचा गडी म्हणजे न पाझरणारा माठ, आणि त्याच्या पोटात चूल पेटलेली. त्याला मारायला त्रेचाळीस अंश लागत नाहीत.

४:५३. इथे रात्रीचे २:२३

सातव्या फेरीच्या सुमारास जॉर्डनला पेटके आले. अहवाल घड्याळ इथून लावतो.

त्यानंतरच्या फेऱ्यांत सोबत्यांनी त्याला आधार देऊन पुढे नेलं. हे वाचताना मला त्या सोबत्यांचा राग आला नाही. आपलीही पोरं हेच करतात. दमलेल्या दोस्ताच्या बगलेत हात घालून त्याला रेषेपलीकडे नेण्यात मैत्रीच असते. ज्याची चालच सुटली आहे त्याला पळवायचं नसतं, आडवं करायचं असतं, हे एकोणीस-वीस वर्षांच्या पोराला कुणी सांगितलेलं नसतं. ज्यांना सांगितलेलं होतं ते बाजूला उभे होते.

शरीराच्या आतलं तापमान चाळीस अंशांच्या वर गेलं की आधी मेंदू बिनसतो. माणूस चिडतो, असंबद्ध बोलतो, अडखळतो, कधी मारायला धावतो. पाहणाऱ्याला वाटतं दमला, नाटक करतोय, कच खातोय. दमलेला आणि मरणाच्या वाटेवरचा, दोघे बाहेरून जवळपास सारखेच दिसतात. फरक सांगणारी एकच गोष्ट असते, आतलं तापमान. ते काखेत, कपाळावर किंवा कानात मोजून कळत नाही, घामाने भिजलेली कातडी खोटं बोलते. गुदद्वारातून मोजावं लागतं. लाजिरवाणं आहे खरं, पण मिनिटाभराचं काम आहे.

जॉर्डनचं तापमान कुणी मोजलं नाही. नाडी, रक्तदाब या साध्या नोंदीही वेळेत झाल्या नाहीत, असं चौकशीत निघालं.

५:०० ते ५:२७. इथे अडीच ते तीन

पाचच्या सुमारास त्याला आकडी आली, असं कुटुंबाच्या वकिलांचं म्हणणं. विद्यापीठाने तेव्हा ते मान्य केलं नव्हतं. या वादात मी पडत नाही. ज्यावर वाद नाही ते पुरेसं आहे. पहिल्या लक्षणापासून मैदानाबाहेर नेईपर्यंत चौतीस मिनिटं गेली.

चौतीस मिनिटं म्हणजे किती, ते फॅल्मथच्या शर्यतीवरून कळतं. मॅसॅच्युसेट्स राज्यात समुद्राकाठी फॅल्मथ नावाचं गाव आहे. दर ऑगस्टमध्ये तिथे साधारण अकरा किलोमीटरची शर्यत होते, आणि ऊन, दमट हवा व हौस या तिघांमुळे दरवर्षी पळणारे कोसळतात. तिथले डॉक्टर शेवटच्या रेषेजवळ तंबू ठोकून बर्फाच्या पाण्याचे टब भरून बसतात. कोसळलेल्याचं तापमान मोजायचं आणि चाळिशीपार असेल तर तिथल्या तिथे गळ्यापर्यंत पाण्यात बसवायचं. अठरा वर्षांत असे २७४ जण आले. २७४ च्या २७४ जगले.

बर्फाच्या पाण्यात शरीर दर पाच मिनिटांना साधारण एक अंश निवतं. अर्ध्या तासाच्या आत ताप उतरला तर माणूस बहुतेक वाचतोच. अर्धा तास उलटला की यकृत, मूत्रपिंडं, रक्त गोठवणारी यंत्रणा, एकेक करून शिजायला लागतं. शिजणं हा शब्द अंगावर येतो, पण आत घडतं ते तेच.

म्हणून या आजारात नियम आपल्या सगळ्या समजुतींच्या उलटा आहे. आधी गार करायचं, मग हलवायचं. आपण काय करतो? गाडी काढतो. ‘‘चला, बीडला न्या!’’ वडवणीहून बीड पस्तीस-चाळीस किलोमीटर. रस्ता मोकळा असला, जीपमध्ये डिझेल असलं, तरी पाऊण तास. तो अर्धा तास वाटेतल्या घाटसावळीच्या आसपासच संपतो.

५:२७ ते ६:००. इथे तीन ते साडेतीन

त्याला मैदानाबाहेर आणलं. ओले टॉवेल, बर्फाच्या पिशव्या, पाणी. कुणी हात बांधून उभं नव्हतं, हे मुद्दाम सांगायला हवं. सगळे काही ना काही करत होते. फक्त जे करायला हवं होतं ते करत नव्हते.

टबात का बसवलं नाही? चौकशी करणाऱ्या रॉड वॉल्टर्स यांच्यापुढे आलेलं कारण असं, की पोरगा एवढा थोरला, त्याला पाण्यात धरून ठेवणारे अंगाने लहान. बुडाला तर?

या कारणापाशी मी बराच वेळ अडकलो. ते खोटं वाटत नाही. उलट फार माणसासारखं वाटतं. भाजून मरणाऱ्याला पाण्यात घालायची भीती, कारण पाण्यात मेला तर तो आपल्या हातून मेला असं होईल. तापाने मेला तर तापाने मेला. जबाबदारी अंगावर येऊ नये म्हणून माणूस जे टाळतो, त्यानेच ती अंगावर येते. वास्तविक उपाय साधा आहे. काखेखालून एक टॉवेल किंवा चादर घालायची आणि दोन्ही टोकं मागून एकाने धरायची, डोकं पाण्याच्या वर राहतं.

सहाच्या सुमारास आपत्कालीन सेवेला फोन गेला. व्यायामानंतर श्वास फुललाय, ताब्यात येत नाहीये, अशा अर्थाचं वर्णन होतं. पहिल्या लक्षणापासून एक तास सात मिनिटं झाली होती.

या सदुसष्ट मिनिटांत फोन करायला परवानगी कुणाची लागत होती? कागदोपत्री कुणाचीच नाही. पण मैदानावर शब्द कुणाचा चालतो हे कागदावरून कळत नसतं. आरोग्य साहाय्यक क्रीडा विभागाचे नोकर, पगार क्रीडा विभागाचा, आणि क्रीडा विभागाचा देव प्रमुख प्रशिक्षक. आदल्याच वर्षी, २०१७ मध्ये, एक प्रस्ताव आला होता. हे साहाय्यक क्रीडा विभागाकडून काढून वैद्यकीय महाविद्यालयाच्या हाताखाली द्यावेत, म्हणजे ‘हा आता पळणार नाही’ असं म्हणणाऱ्याची नोकरी पळवणाऱ्याच्या हातात राहणार नाही. विद्यापीठाचे अध्यक्ष वॉलेस लोह यांनी तो नाकारला. पुढे हे वर्तमानपत्रांत आलं.

मला विचाराल तर मृत्यूची खरी वेळ त्या नकाराच्या फायलीवर आहे. ४:५३ ही फक्त लक्षणं दिसल्याची वेळ.

६:३२. इथे पहाटेचे चार

रुग्णवाहिका विद्यापीठाच्या आवारातून निघाली. पहिल्या लक्षणापासून एक तास एकोणचाळीस मिनिटं.

त्याच मिनिटाला वडवणीत गजर वाजत असणार. ३० मे उजाडत होती. आपली पोरं बूट शोधत होती.

रुग्णालयात पोहोचल्यावर जॉर्डनचं तापमान मोजलं गेलं, त्या दिवसातलं पहिल्यांदाच. १०६ अंश फॅरनहाइट, म्हणजे ४१ च्या वर. तिथून त्याला बाल्टिमोरच्या मोठ्या रुग्णालयात हलवलं. यकृत गेलं होतं, त्याचं प्रत्यारोपण झालं. आई टोन्या विल्सन आणि वडील मार्टिन मॅकनेअर उशाशी. १३ जूनला तो गेला.

तास संपले, महिने सुरू झाले

यापुढचा घटनाक्रम घाईने सांगतो, कारण संस्था कशा हलतात हे आपण इथेही पाहतोच. जून-जुलै शोकसंदेश. १० ऑगस्टला एका क्रीडावाहिनीने संघातल्या दहशतीच्या वातावरणाची बातमी फोडली आणि दुसऱ्याच दिवशी प्रमुख प्रशिक्षक डी. जे. डर्किन रजेवर. १४ ऑगस्टला अध्यक्ष लोह पत्रकारांसमोर आले आणि म्हणाले की त्या दिवशी आमच्या कर्मचाऱ्यांनी केलेल्या चुकांची कायदेशीर आणि नैतिक जबाबदारी विद्यापीठ स्वीकारतं. आई-वडिलांना ते आधी भेटून आले होते.

ज्यांनी अशी प्रकरणं जवळून पाहिली आहेत त्यांना या वाक्याची किंमत कळेल. असं बोलू नका, दावा कमकुवत होतो, हा वकिलांचा पहिला सल्ला असतो. म्हणून संस्था ‘दुर्दैवी घटना’ म्हणतात. दुर्दैवाला पत्ता नसतो, त्यामुळे त्याला नोटीस बजावता येत नाही. लोह यांनी पत्ता सांगितला, कबुलीला अडीच महिने लागले तरी सांगितला. सप्टेंबरात वॉल्टर्स यांचा अहवाल आला. ३० ऑक्टोबरला नियामक मंडळाने डर्किनना परत कामावर घेतलं, विद्यार्थी रस्त्यावर आले, ३१ ला त्यांना काढलं. १ नोव्हेंबरला मंडळाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला. जानेवारी २०२१ मध्ये पस्तीस लाख डॉलरची तडजोड मंजूर झाली, तेव्हाच्या दराने साधारण पंचवीस कोटी रुपये. त्याच वर्षी मेरीलँडने जॉर्डनच्या नावाचा कायदा केला. उष्माघातासाठी काय करायचं, कुणी करायचं, हे लिहून ठेवणं तिथल्या क्रीडा विभागांना आता बंधनकारक आहे.

आपल्याकडचं काय? आपल्या न्यायालयांनी हा प्रश्न पाहिला आहे, पण बहुतेक वेळा पाण्याच्या काठावर. २८ मे १९९५ ला पठाणकोटजवळच्या एका शाळेची सहल बियास नदीवर गेली आणि चौदा मुलं बुडाली. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये प्रत्येकी पाच लाखांची भरपाई कायम ठेवली. शिक्षकांचा हलगर्जीपणा हा शाळेचाच हलगर्जीपणा, हे त्या निकालाचं सार. जून २०१४ मध्ये त्याच बियासवर हैदराबादच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे चोवीस विद्यार्थी धरणातून सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. हिमाचल उच्च न्यायालयाने प्रत्येक कुटुंबाला वीस लाख दिले आणि वाटणीही ठरवली. साठ टक्के वीज मंडळाने, तीस टक्के महाविद्यालयाने, दहा टक्के राज्याने द्यायचे. फेब्रुवारी २०१६ मध्ये पुण्याच्या महाविद्यालयातली चौदा मुलं मुरूडच्या समुद्रात गेली, ते आपल्या सगळ्यांना आठवतं.

या निकालांमधून एक धागा स्पष्ट निघतो. मूल ज्याच्या ताब्यात दिलं, त्याने बापाच्या डोळ्यांनी पाहायला हवं. पण ताबा म्हणजे काय? आमच्या जिल्ह्यातली महाविद्यालयं छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहेत. तिथला विद्यार्थी महाविद्यालयाच्या मैदानावर पडला तर निदान दार ठोठावायला एक इमारत आहे. हाच विद्यार्थी पहाटे अकॅडमीत पळतो. अकॅडमी कुठल्याच विद्यापीठाशी संलग्न नसते. त्याचं नाव एका ठिकाणी हजेरीत असतं आणि घाम दुसऱ्या ठिकाणी गळतो.

आणि भरतीच्या मैदानावर तर तो कुणाचाच नसतो, नुसता छातीवरचा क्रमांक असतो. जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरती चालू होती. पुरुषांना पाच किलोमीटर पळायचं होतं. राज्यभरातून पोरं आली होती, कुणी रात्री फलाटावर झोपून, कुणी वडापाववर दिवस काढून. पावसाच्या तोंडावरची ती चिकट, न वाळणारी हवा. काही उमेदवार पळता पळता कोसळले आणि दगावले. उच्च न्यायालयाने दखल घेतली, पुढे अंतर कमी झालं. आज पुरुषांना सोळाशे मीटर आहेत, ते त्या पोरांमुळे. आमच्याकडच्या कोरड्या उन्हात सरावलेलं पोरगं तिकडच्या ओल्या हवेत पळतं तेव्हा त्याचा माठ पाझरायचा थांबतो, हे त्यालाच कळत नाही. आमच्या इथे सत्तर टक्के तयारी पायांची होते, तीस टक्के सामान्य ज्ञानाची. हवेची तयारी कुणाच्या वेळापत्रकात मी अजून पाहिली नाही.

वडवणी, पहाटेचे ५:१५

मी अकॅडमीच्या सरांशी बोललो. माणूस चांगला आहे, सैन्यातून निवृत्त झालेला, पोरांवर जीव टाकणारा. जॉर्डनची हकीकत त्यांनी मन लावून ऐकली. मग म्हणाले, ‘‘गुरुजी, हौद आपल्याकडे आहे. बर्फाची लादी रसवंतीवाल्याकडून उचलता येईल. पण बेशुद्ध पोराला हौदात घालायचं म्हणजे… उद्या काही झालं तर गाव म्हणेल, हौदात बुडवून मारला.’’

मी काही बोललो नाही. मेरीलँडचं वाक्य वडवणीत एवढ्या लवकर ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

मग त्यांना ताडपत्रीचं सांगितलं. हे मीही अलीकडेच वाचलं होतं. जिथे टब नसतो तिथे ताडपत्री अंथरायची, पोराला मधे निजवायचं, चार-सहा जणांनी कडा उचलून धरायच्या, आत गार पाणी आणि बर्फ ओतायचा आणि झोळीसारखं हलवत राहायचं. बुडायची भीती नाही, उचलायची कटकट नाही. क्रीडावैद्यकातले लोक आता हे रीतसर शिकवतात. सरांचा चेहरा खुलला. ताडपत्री! दसऱ्यानंतर साखर कारखान्यावर जाणाऱ्या प्रत्येक ऊसतोड टोळीच्या ट्रॅक्टरवर ती बांधलेली असते, कोप, म्हणजे त्यांची झोपडी, तिच्याच आडोशाने उभी राहते. इथली निम्मी पोरं लहानपणी ताडपत्रीखालीच वाढली आहेत.

दोन दिवसांनी त्यांनी मला बोलावलं. निळी ताडपत्री, कडेला सहा पोरं, मधे एक हसत निजलेला. रसवंतीची लादी पोत्यात घालून फोडली होती. पाणी ओतलं तशी त्याने जी आरोळी ठोकली, ती रस्त्यापलीकडच्या पंपापर्यंत गेली असेल. सगळे हसले. सर मात्र गंभीरपणे एकेकाला काम वाटत होते. तू बर्फ, तू पाणी, तू १०८, तू फाट्यावर उभा राहून गाडीला हात करायचा, गाडी आली तरी आधी गार करायचं, मग चढवायचं.

हौदाच्या कट्ट्यावर तोच पोरगा बसला होता. पाय बरा झाला होता, तरी स्टॉपवॉच त्याच्याकडेच राहिलं होतं. सरांनी त्याच्याकडे बोट केलं. ‘‘आणि तू. कुणी वाकडं चाललं, बडबडलं, दोनदा अडखळलं, की शिट्टी मारायची. पळणं बंद.’’

त्याने जरा वेळ घेतला. ‘‘तुम्ही पळवत असलात तरी?’’

पावणेसहा होत आले होते. दुसरी बॅच रेषेवर वाकून उभी होती. सरांनी शिट्टी ओठांत धरली होती, ती काढून हातात घेतली.

‘‘हां. मी पळवत असलो तरी.’’

पोराने वहीचं नवं पान काढलं. बॅच सुटली.